एक उकड, तीन भाजण्या

निर्मलाबाई : हळू बोला. न्हाणीची भिंत टिनाची आहे. इवाई आंग धुऊन राहिले तिकडे, सारं ऐकू जाते त्यायले.

जागेश्वर : डोक्यावर पाणी पडून राहिलं त्यायच्या, काही ऐकू जात नाही. तू आधी सांग, त्यायच्या कॉफीचा डबा कुठं आहे?

निर्मलाबाई : जिथं तुमी लपवला तिथंच आहे, तांदळाच्या कोठीमागं. संक्रांतीले एक कप पेले तुमी, अन् झाकण लावलं ते लावलं.

जागेश्वर : मंग तिथंच राहू दे. विचारलं तं संपली म्हणून सांगू.

निर्मलाबाई : संपली? बापा! आपली लेक रीता त्यायची सून झाली तेव्हापासून त्या माणसानं पयल्यांदा काही पाठवलं. चिखलदऱ्याहून, आपल्या स्वतःच्या बागेतली कॉफी. कच्चे दाणे. अन् तुमी त्याचं काय केलं?

जागेश्वर : काय केलं म्हणजे? पोरगी म्हणे, बाबा, कढईत भाजा. मी भाजाले बसलो तं दाणा वरून काळा अन् आतून कच्चा. अर्धा जन्म माहा राइस मिलच्या बॉयलरवर गेला. दाणा असा वागला तं माणसाच्या ध्यानात काय येते?

निर्मलाबाई : माणसाच्या ध्यानात येते का चुल्यातलं एक लाकूड वढून घ्यावं. तुमच्या ध्यानात आलं का धानासारखी उकड द्यावी.

जागेश्वर : उकड देल्यानं दाणा तुटत नाही. पोटाले बी हलका होते.

निर्मलाबाई : हाव न. आधी पितळेच्या गुंडात भिजत घातली. मंग वाफेवर उकडली. मंग अंगणात खाटेवर वाळवली. अन् मंग भाजली. शेजारची शकुनबाई येऊन विचारे, हे कायचे वटाणे होत वो? मी म्हतलं, आमच्या इवायाचं नशीब होय, वाळून राहिलं.

जागेश्वर : झालं ते झालं.

निर्मलाबाई : झालं ते झालं असतं. पण वरून फोन केला तुमी. काय बोलले इवायाले?

जागेश्वर : दोन शब्द चांगले बोललो. इवायाले का मी वाईट बोलू?

निर्मलाबाई : दोन शब्द! "इवाईबुवा, अशी कॉफी नागपुरात भेटत नाही. सकाळी पेली तं संध्याकाळपर्यंत जिभेवर रायते."

जागेश्वर : ते तं खोटं नव्हतं. राहिलीच न जिभेवर. जातच नव्हती.

निर्मलाबाई : हसू नका. तिथं पोरीचं सारं त्या फोनवर अडकलं आहे. रीता म्हणते, रस्त्याच्या कडेनं टपरी टाकू, आपल्या बागेची कॉफी आपणच भाजून फिराले येणाऱ्या लोकायले पाजू. इवाई म्हणत, कायले तो उपद्व्याप? दाणे व्यापाऱ्याले देल्ले का सुटलो. अन् मधीच तुमचा फोन गेला. तं म्हणाले, मोहाडीचे इवाई एवढे म्हणतात तं एक डाव त्यायच्याच हातची पिऊन येतो, मंग टपरीचं सांगतो. भंडाऱ्याचं लग्न नुसतं निमित्त आहे. तिनं मले काल फोनवर सांगतलं.

जागेश्वर : अन् तू मले आज सांगून राहिली?

निर्मलाबाई : काल सांगतलं असतं तं आज तुमी शेतावर पळाले असते.

(हेमराज ओला पंचा खांद्यावर टाकून पडवीत येतात.)

हेमराज : पानी मस्त हाय जी तुमच्या हिरीचं. सारा प्रवास उतरला.

जागेश्वर : या, या, इवाईबुवा. बसा. खाटेवर बसा, खुर्ची डुगडुगते. अवो, चहा टाक न इवायासाठी. आलं घाल.

हेमराज : चहा नको, इवाई. चहा वरुडच्या स्टँडवर पेलो, नागपूरच्या स्टँडवर पेलो. इथं मी कॉफीले आलो. तुमच्या हातची.

जागेश्वर : हाव, हाव, कॉफी. कॉफी तं आहेच. पण कसं आहे, कॉफी गरम पडते. उन्हाच्या दिवसात...

हेमराज : बाहीर धुकं हाय जी. मी सेटर आनलं नसतं तं काकडलो असतो.

निर्मलाबाई : मी आणते.

जागेश्वर : रीताची माय, ते संपली न?

निर्मलाबाई : नाही संपली. एवढी चांगली कॉफी, तुमी पुरवून पुरवून पिऊन राहिले न. पाणी चुल्यावर आहेच. बसा इवाई, आली मी.

जागेश्वर : बरं, पाऊसपाणी कसं तुमच्याकडं? बिबटे दिसतात म्हणे.

हेमराज : दिसतात. बोलत नाईत फक्त. आमच्याकडं बोलनारे कमीच.

जागेश्वर : हा हा! आमच्याकडं उलटं आहे.

निर्मलाबाई : घ्या इवाई. दूध-साखर घातली आहे. वरच्या वर प्या, खाली गाळ असन.

जागेश्वर : कशी आहे? म्हणजे मी घाईत... म्हणजे तिनं घाईत केली. माह्या हातची जरा...

हेमराज : थांबा जी. एक घोट तं जाऊ द्या.

जागेश्वर : जाऊ द्या, जाऊ द्या.

हेमराज : इवाई, पोतडी वाटेत भिजली व्हती का?

जागेश्वर : नाही, कोरडी ठक्क होती.

हेमराज : मंग कुठं कोंड्यात ठेवली व्हती का? कोंड्याचा वास येते. भिजल्या पोत्याचा येते. कॉफीचा तेवढा येत नाई.

निर्मलाबाई : सांगता का मी सांगू?

जागेश्वर : आता त्यात सांगाचं काय आहे... थोडी उकड देल्ली होती.

हेमराज : कायले?

जागेश्वर : दाण्याले.

हेमराज : कॉफीच्या दान्याले? उकड?

निर्मलाबाई : धानासारखी. भिजवली, उकडली, वाळवली, मंग भाजली. मिलमध्ये नेऊन पॉलिश तेवढं केलं नाही.

जागेश्वर : मनात आलं होतं.

हेमराज : आरे देवा! हा हा! इवाई, माह्या बापानं झाडं लावली, मी वाढवली, वांदरं पळवली, अस्वलं हाकलली. पन उकड! उकड कोनाच्याच ध्यानात आली नाई!

निर्मलाबाई : हसा, इवाई, पोट धरून हसा. तुमचं हसणं पाहून माह्या जिवाले बरं वाटलं.

हेमराज : हसतोच हाय, इहीनबाई. पन हसता हसता दुसरं बी ध्यानात येऊन राह्यलं. इवाई, तुमी फोनवर बोलले ते मंग ह्याच कॉफीचं?

जागेश्वर : तुमाले वाईट वाटू नये म्हणून बोललो, जी.

हेमराज : वाईट नाई वाटलं. उलट लय बरं वाटलं. तिथंच घात झाला. आमच्याकडं व्यापारी येते, पोतं उचलते, जाते. चांगली म्हनत नाई अन् वाईट बी म्हनत नाई. जन्मात पयल्यांदा कोनी चांगली म्हटली. मी गावात चार लोकायले सांगतलं. रीताले म्हटलं, सुनबाई, तुया बाबाची जीभ म्हनते तं तुया टपरीचा इचार करू. आता तुमचं ते बोलनं वजा केलं तं माह्यापाशी काय उरते, सांगा बरं?

निर्मलाबाई : ऐका. आता ऐका.

हेमराज : हे पाहा. थैलीत तीन पुड्या हायेत. तिनं स्वतः भाजल्या. म्हने, मामाजी, बाबाले पाजा अन् इचारा, टपरीवर कोनती ठेवू. आता इचारून काय फायदा? लेकीच्या हातची म्हटल्यावर तुमी तिन्ही चांगल्या म्हनसान.

जागेश्वर : नाही म्हणणार. रीताची शपथ.

हेमराज : म्हनसान जी. तुमचा स्वभावच गोड.

निर्मलाबाई : म्हणतीलच. नवरदेव होऊन आले तेव्हा आमच्या मांडवात वरण खारट झालं होतं. सारी वरात कुरकुर करे, अन् यायनं दोनदा मांगून घेतलं. तेव्हाच मी ओळखलं का हा माणूस घरात खरं बोलणार नाही.

जागेश्वर : खरं बोललो असतो तं लगन मोडलं असतं.

निर्मलाबाई : द्या त्या पुड्या मले. मी चुल्यापाशी करते. कोणती कशात ओतली ते मी सांगणार नाही. तुमी दोघंबी प्या अन् सांगा. कोणती लेकीची आवडती हेच माहीत नसलं तं गोड कोणाले बोलतील हे?

हेमराज : हे बराबर बोलल्या इहीनबाई. पन मी कायले? मी तं रोजच पेतो.

निर्मलाबाई : बिनदुधाची, बिनसाखरेची पेता का?

हेमराज : नाई बा. तशी ते टुरिस लोक पेतात. माह्या घरी दूध फुगेस्तोवर उकळते, गूळ पडते, मंग त्यात कॉफी पडते.

जागेश्वर : म्हणजे इवाई, तुमच्या झाडाची कॉफी तुमीच कधी नुसती चाखली नाही?

हेमराज : तुमी बी मिलचा कोंडा खाल्ला नसन कधी.

निर्मलाबाई : भांडा नका. आली मी.

जागेश्वर : बरं, इवाई, ती आत आहे तोवर मले समजावून सांगा. दाणा एकच, मंग तीन पुड्या कायच्या?

हेमराज : भाजनीच्या. रीता त्याले लाइट, मिडियम, डार्क म्हनते. कढईत दाना तडतडला का लाइट. लगेच उतरवायची. दाना खाकी राह्यते, पिकल्या चिचेच्या टरफलावानी. अजून ठेवली तं मिडियम. अन् दुसऱ्यांदा तडतडून काळी झाली, दान्यावर तेल चमकलं, का डार्क. माह्या मते ते पयली कच्चीच हाय. रीताले म्हटलं तं ऐकत नाई. रोज कढईपाशी कान लावून बसते.

जागेश्वर : कान लावून? लहानपणी तिले दुधापाशी बसवलं तं दूध उतू जाये.

निर्मलाबाई : घ्या. हा स्टीलचा गिलास, हा फुलाचा कप, अन् हा कानतुटका. फडक्यातून गाळली आहे. तिनं सांगतलं तसंच केलं, पाणी वरून ओतलं, झाकलं, थांबली. कॉफी उकळली नाही. आपल्या घरी उकळाचं काम आधीच झालं आहे.

जागेश्वर : टोमणे नको मारू. आधी गिलास. हं... कडू आहे. तव्यावर भाकर इसरली अन् वरचा पापुद्रा जळला, तो खाल्ल्यावानी. पण वाईट नाही. दूध मांगते ही.

हेमराज : हीच कॉफी. घरच्यासारखी लागली. मले दुसरी प्यायची गरज नाई.

निर्मलाबाई : गरज नसन तरी प्या. फुलाचा कप.

जागेश्वर : अरे! ही बरी आहे. मोहफुलं भाजाले टाकली तं घरभर कसा वास भरते? तसं. शेवटी शेवटी भुईमुगाच्या भाजल्या शेंगा. हे खरं सांगून राहिलो.

हेमराज : ही चालते. बिनदुधाची असून घशाखाली उतरली. नवल हाय.

निर्मलाबाई : अन् हा तिसरा.

जागेश्वर : सस्स! गरम आहे. आंबट! आंबट अन् पातळ. दातच शिवशिवले. हे का होय? इवाई, खरं मांगता न? मले ही नाही आवडली. अजिबात नाही.

निर्मलाबाई : पक्कं?

जागेश्वर : पक्कं. पुन्हा विचारलं तरी तेच.

हेमराज : मी बी तेच म्हनतो. आंबट. कच्ची.

निर्मलाबाई : झालं. ही लाइट होय. रीता मले रोज सांगते, माय, हीच आपल्या बागेची खरी चव. टपरीवर मी हीच पाजीन, बाकीच्या लोकायच्या मर्जीखातर ठेवीन.

जागेश्वर : मले आधी नाही सांगाचं?

निर्मलाबाई : सांगतलं असतं तं तुमी कप डोक्यावर घेऊन नाचले असते.

हेमराज : पन खरं बोलले, इवाई. लेकीची आवडती बाद केली. आता तुमच्या जिभेवर माहा इस्वास बसला. म्हंजे ठरलंच मंग. डार्क अन् मिडियम तं दूध घालून तिथं सारेच इकतात, त्यात आपली कायले अजून एक? अन् येगळी म्हनून आंबट पाजली तं लोकं नावं ठेवतीन. टपरी नको. दाने व्यापाऱ्यालेच देऊ. बरं झालं आलो.

जागेश्वर : अवो इवाई, असं कसं... मी आपलं... म्हणजे आंबट म्हणजे तेवढी काही...

हेमराज : पाहा. फिरले.

निर्मलाबाई : गप बसा तुमी. जेवढं बोलता तेवढं पोरीचं नुकसान. इवाई, ते कप राहू द्या, मी मागाहून उचलते. मले एक सांगा. रीतासोबत आमी चिन्नोर तांदूळ पाठवला होता. घरच्या बांधीतला, नवा. कसा लागला?

हेमराज : चिन्नोर? लय चांगला लागला.

निर्मलाबाई : फोनवरचं नका सांगू. खरं सांगा.

हेमराज : आता काय सांगू. खिचडी केली.

जागेश्वर : खिचडी? चिन्नोरची?

हेमराज : आमी भाकरीवाले लोक, जी. तांदूळ आला का खिचडी. लसून ठेचून, लाल तिखट, शेंगदाने. वरून कच्चं तेल. रीता नको नको म्हने. मले वाटलं, माहेरचा तांदूळ म्हनून जपते.

जागेश्वर : अरे, अरे, अरे! लसूण! अन् वास आला का त्याचा?

हेमराज : लसनाचा आला.

जागेश्वर : येईनच न! इवाईबुवा, चिन्नोर शिजला तं रस्त्यानं जाणाऱ्याले समजते कोणाच्या घरी पाहुणा आला. त्याले मीठ बी नाही घालत आमी. नुसता शिजवाचा, झाकण ठेवाचं, अन् उतरवून थांबाचं. लोकं काय करतात, वाफाळता घास तोंडात टाकतात. चटका बसला का जिभेले काय समजते? काहीच नाही. तो ताटात पसरून निवू द्याचा. बोटाले सोसला का पयला घास नुसता घ्याचा, वरण नाही, तूप नाही. तेव्हा तो उघडते. तेव्हा गोडी येते त्याची, मागून, हळूच. अन् तुमी त्याच्यावर लाल तिखट! त्यापेक्षा तुमी मले मारलं असतं तं चाललं असतं. जाडा तांदूळ असते न खिचडीले, तो मी पाठवला असता पोतंभर, तुमी म्हणाल तेवढा...

हेमराज : इवाई.

जागेश्वर : आज रातच्याले खाऊ घालतो तुमाले. नुसता. तुमी फक्त...

हेमराज : इवाई, थांबा जी जरा. इहीनबाई, या कानतुटक्या कपात कोनती व्हती म्हटलं?

निर्मलाबाई : लाइट.

हेमराज : तेच हाय का? तुमी बदलली तं नाई?

निर्मलाबाई : मी जागची उठली नाही. तुमीच बोलता बोलता उचलून राहिले घोट घोट.

हेमराज : तहान लागली म्हनून उचलला. थंडी झाली ते. थंडी झाली अन् येगळीच लागून राह्यली.

निर्मलाबाई : कशी?

हेमराज : आंबट हायच. पन तो आंबटपना... थांबा, सांगतो. बागेत कॉफीची फळं लाल झाली का आमी लहानपनी तोडून चोखत होतो. आत दाना राह्यते, पन वर पातळसा गर राह्यते. गोड-आंबट. शाळेतून येता येता खिसे भरायचे. माहा बाप वरडे, फळं खाऊ नका रे, दाने खराब होतीन. तो गर हाय ह्यात. तोच. हा एवढ्या वर्षांचा कुठं व्हता?

निर्मलाबाई : तुमी गुळाखाली दाबून ठेवला होता.

हेमराज : इवाई, तुमी प्या न. ह्याच कपातली घ्या, निवली हाय आता. काऊन गप बसले?

जागेश्वर : मी नाही पेत.

हेमराज : काऊन?

जागेश्वर : मी आता चांगली म्हतली तं तुमी म्हणाल, लेकीसाठी पलटला. वाईट म्हतली तं तिची टपरी जाते. माह्या बोलण्याची किंमतच राहिली नाही, तं न बोललेलं बरं. तुमची जीभ आहे, तुमची बाग आहे. तुमीच ठरवा.

निर्मलाबाई : बापा! इवाई, तुमी रोज या आमच्याकडं. या माणसाले गप बसताना मी आज पयल्यांदा पाहून राहिली.

हेमराज : प्या जी. ठरवाचं ते मी ठरवतो. तुमी नुसते प्या.

निर्मलाबाई : घ्या. एवढे म्हणतात तं घ्या.

(जागेश्वर कानतुटक्या कपातून घोट घेतात.)

निर्मलाबाई : काय?

जागेश्वर : काही नाही.

हेमराज : तोंडावर तं दिसून राह्यलं, इवाई. सांगा.

जागेश्वर : टेंभरं. टेंभुर्णीचं फळ. रानातून सकाळी आणलेलं, चांगलं पिकलेलं टेंभरं. मघाशी हे नव्हतं, खरंच सांगतो. मघाशी नुसता आंबट चटका होता.

निर्मलाबाई : मघाशी तुमी तोंड भाजून घेतलं होतं. आताच इवायाले चिन्नोरचं एवढं शिकवलं, घास निवू द्या अन् पसरून ठेवा. कॉफीले काहून तो नेम लागत नाही?

जागेश्वर : मले का माहीत, कॉफी बी भातावाणी वागते!

निर्मलाबाई : आता पुन्हा उकडू नका फक्त.

हेमराज : हा हा! नाई, इहीनबाई, मी त्यायच्या हाती कच्चा दाना देतच नाई आता. भाजूनच पाठवीन. म्हंजे रीता भाजन अन् पाठवन.

जागेश्वर : म्हणजे, इवाई...

हेमराज : रस्त्याच्या बाजूनं माह्या बांधावर शेड हाय. खताची पोती भरली हायेत त्यात. ते गोठ्याकडं हलवतो अन् शेड झाडून देतो. पयल्यांदा टपरी-बिपरीचा खर्च नको. तिथंच बसू द्या तिले. पन डार्क बी ठेवा लागन तिले. दूधवाली मांगनारे लय येतात.

निर्मलाबाई : तिन्ही ठेवू द्या न. ज्याले जे पायजे ते घेईन. अन् इवाई, गिलासातली तुमची आवडती अजून तशीच आहे. गरम करून देऊ का? दूध घालते. आता तुमच्या मर्जीची प्या.

हेमराज : राहू द्या. ते घरी रोजचीच हाय.

जागेश्वर : फोन वाजून राहिला वो. आत.

निर्मलाबाई : रीताच असन. सकाळपासून चौथा... नाही, किती झाले देव जाणे, जिवाले खाऊन राहिली पोरगी. हं, बोल बेटा. हाव, आले. आंग धुतलं. हाव, कॉफी बी झाली. तिन्ही. थांब, थांब, रडू नको, काही झालं नाही. इवाई, ती विचारते, मामाजी काय म्हणाले? तुमीच सांगता का तिले?

हेमराज : सांगतो, इहीनबाई. थोडं थांब म्हना तिले. कपात अजून घोटभर हाय.